संकटकाळ आणि वहीखाते

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



आनंदाच्या या प्रसंगी एका कठीण वर्षाची आठवण काढतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, लोकलगाड्या थांबल्या. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत किराणा व औषधांची दुकाने उघडी होती. परंतु कापड, भांडी, स्टेशनरी विकणाऱ्या बहुतेकांना 5 जूनपर्यंत थांबावे लागले, आणि त्यानंतरही दुकान एक दिवसाआडच उघडता आले. विक्री थांबली, भाडे, पगार आणि व्याज थांबले नाही.

शासनाची मदत आली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा दिली. ती पुढे 31 ऑगस्टपर्यंत वाढली. मात्र या काळात व्याज चालूच होते. 13 मे रोजी 3 लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर झाली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी बँकेचे जेवढे कर्ज शिल्लक होते, त्याच्या 20 टक्के नवे कर्ज जादा तारणाविना मिळू लागले. दहा लाख शिल्लक असतील, तर दोन लाख. पण ज्याने स्वतःच्याच भांडवलावर धंदा केला, त्याचे काय? शून्याचे 20 टक्के शून्यच! ऋण नको, हे वाडवडिलांचे वळण पाळणाराच या योजनेबाहेर राहिला.

वस्तू व सेवा करातही सवलत मिळाली. खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा होतो. ही वजावट म्हणजे व्यापाऱ्याचे खेळते भांडवलच. पुरवठादाराने विवरणपत्रात न दाखवलेल्या बिलांवर त्या वेळी 10 टक्क्यांची मर्यादा होती. फेब्रुवारी ते ऑगस्ट 2020 साठी ती दरमहा न लावता सप्टेंबरच्या विवरणपत्रात एकत्र हिशेब करण्यास परवानगी मिळाली. आज तशी मोकळीक नाही. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने दाखवलेल्या बिलांवरच वजावट मिळते. एकाचा आळस दुसऱ्याच्या गल्ल्यावर पडतो, तो असा.

बंधूंनो, यातून एकच गोष्ट ध्यानी घ्यावी. मदत मुख्यतः मुदतीच्या आणि कर्जाच्या रूपाने आली, आणि ज्याची नोंद होती त्याच्यापर्यंतच ती पोहोचली. म्हणून आपला व्यवसाय लहान असला तरी 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे.

दुसरी मदत तर आपल्याच हाती होती. लहान उत्पादकाचे वा कारागिराचे बिल वेळेवर चुकते करणे, यापरते मोठे साहाय्य कोणते? 2006 चा कायदा त्यासाठी 15 दिवस, आणि लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवस देतो. 2023-24 पासून मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम प्रत्यक्ष फेडल्याखेरीज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. परंतु अचौर्य अणुव्रत मानणाऱ्यांना याकरिता कायद्याचा धाक का लागावा? दुसऱ्याच्या हक्काचे पैसे अडवून ठेवणे व्रताच्या कितपत जवळ आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शेवटी एक विनंती. आपल्यातील सनदी लेखापालांनी महिन्यातून एक रविवार न्यासाच्या कार्यालयात बसावे, आणि लहान दुकानदारांचे अर्ज व हिशेब पाहून द्यावेत. पुढचे संकट सांगून येणार नाही. वह्या मात्र आजच नीट करता येतील.

जय जिनेंद्र.