दिसणारा साहेब आणि भेटणारा साहेब
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाने भाषणाचे निमंत्रण दिले, तेव्हा साहित्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही प्रथमच कळविले. उभी हयात रेल्वेच्या नोकरीत गेली. यास्तव ज्याची थोडीबहुत जाण आहे तोच विषय घेतो : हाताखालच्या माणसांना वरिष्ठ दिसावा कसा आणि भेटावा कसा? आपले पुष्कळ सभासद केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत आहेत. कोणी साहेब आहेत, कोणाला साहेब आहेत, आणि बहुतेकांच्या वाट्याला दोन्ही भूमिका आहेत. तेव्हा विषय परका वाटू नये.

दिसणे आणि भेटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रेल्वेत वरिष्ठांचे दर्शन घडते ते वार्षिक निरीक्षणाच्या दिवशी. तारीख आधी ठरलेली असते. आठ दिवसांपासून स्टेशनला रंग लागतो, कुंड्यांना गेरू फासला जातो. विशेष गाडी येते, हारतुरे होतात, नोंदवह्या चाळल्या जातात आणि गाडी पुढे जाते. अशा निरीक्षणाने रखडलेली कामे मार्गी लागतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या गर्दीत एखादा पॉइंट्समन पुढे होऊन आपली अडचण सांगेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. त्याला साहेब दिसला, भेटला नाही.

याउलट पुश ट्रॉलीची फेरी पाहा. रुळांवर चालणारे ते एक चार चाकांचे बाकडे. ट्रॉलीमन ते ढकलतात आणि वेग आला की मागे चढून बसतात. वेग बेताचा, वर छप्पर नाही. कीमन आपल्या हद्दीत रूळ तपासत चाललेला असतो, गँग खडी सारीत असते, गेटवाला दारात उभा असतो. प्रत्येकाशी दोन शब्द बोलता येतात. आमच्या एका जुन्या विभागात अशीच ट्रॉली पाणी पिण्यासाठी एका फाटकापाशी थांबली. गेटवाल्याने तांब्या पुढे केला आणि सहज म्हणाला, "साहेब, टेलिफोन पाच दिवस मुका आहे." गाडीची सूचना स्टेशनमास्तर त्याच टेलिफोनवर देतो. तक्रार वर गेली होती, पण दोन टेबलांच्या मध्ये कोठे तरी पडून राहिली होती. दुसऱ्या दिवशी टेलिफोन बोलू लागला. आम्ही तेथे तहानेने थांबलो होतो, तपासणीसाठी नव्हे. तरी फाटकावरून जाणाऱ्या बैलगाड्यांचा आणि शाळेच्या मुलांचा जीव त्या दोन मिनिटांच्या बोलण्यावर अवलंबून होता. वरिष्ठाची उपलब्धता हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे, तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे आम्ही तेथे शिकलो.

व्यवस्थापनशास्त्रानेही ही गोष्ट ओळखली आहे. पीटर्स आणि वॉटरमन या अमेरिकन लेखकद्वयाने 1982 साली आपल्या गाजलेल्या ग्रंथात हिंडून-फिरून केलेल्या व्यवस्थापनाचा पुरस्कार केला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची रीत त्यांच्यापुढे होती. पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. महेश्वरी अहिल्याबाई होळकर दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसत, त्या बहुधा सायंकाळी सहापर्यंत, असे माल्कमने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदले आहे. तक्रार त्या स्वतः ऐकत; मात्र निवाड्यासाठी प्रकरण पंचांकडे वा कारभाऱ्यांकडे सोपवीत. यातील दोन्ही अंगे ध्यानी घेण्याजोगी आहेत. कारण जो वरिष्ठ ऐकल्या जागीच हुकूम सोडतो, तो मधल्या पर्यवेक्षकाचे पाणी उतरवितो. मग सारेच जण पर्यवेक्षकाला वगळून वर धाव घेतात. यासाठी ऐकावे आपण, विचारावे पर्यवेक्षकाला, आणि उत्तर द्यावे ठरल्या दिवशी.

"आमचे दार सदैव उघडे आहे," असे पुष्कळ अधिकारी म्हणतात. पण दाराबाहेर स्टुलावर शिपाई असतो, त्याच्या हाती चिठ्ठी द्यावी लागते, आणि आत मीटिंग चालू असते. तीस किलोमीटरवरून रजा टाकून आलेला ट्रॅकमन संध्याकाळी तसाच परततो. सदैव उघड्या दारापेक्षा आठवड्यातील एक ठरलेला तास बरा. तो फलकावर लिहिलेला असावा आणि कोणत्याही कारणाने मोडू नये. आलेल्याला बसावयास खुर्ची द्यावी. काम होण्याजोगे नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. टांगून ठेवलेल्या आशेपेक्षा सकारण नकार माणसे सोसतात. आणि ज्याने गाऱ्हाणे मांडले त्याची महिन्याभरात बदली झाली, तर त्या तासाला पुन्हा कोणी फिरकणार नाही.

रेल्वेत कामगार संघटनांशी वाटाघाटींची कायम यंत्रणा 1952 पासून आहे. केंद्र सरकारात संयुक्त सल्लागार यंत्रणा 1966 साली आली. दोहोंचे मोल मोठे आहे. तथापि तेथे प्रश्न येतात ते सर्वांचे. एकट्या माणसाचे दुःख, म्हणजे आजारी पत्नी, दूरचे क्वार्टर, अडलेली पेन्शन, यांना समोर बसलेला माणूसच लागतो. 2020 च्या महामारीपासून पडद्यावरच्या बैठकी अंगवळणी पडल्या. हाती मोबाइल असल्याने साहेब चोवीस तास उपलब्ध आहे, असाही समज झाला. पण पडद्यावर अधिकारी अधिकाऱ्यांनाच भेटतो. आणि रात्री अकराला संदेश धाडणारा वरिष्ठ उपलब्ध नसतो, तो केवळ पाठीस लागलेला असतो.

पंढरीच्या विठोबाचे एक वैशिष्ट्य आपण सारे जाणतो. तेथे सामान्य वारकरी स्वतः देवाच्या पायांवर डोके ठेवतो, आणि आषाढीच्या दिवसांत देवाचा पलंगही काढून ठेवतात. देवाला जे कमीपणाचे वाटत नाही, ते अधिकाऱ्याला का वाटावे?

शेवटी आपल्या मंडळाविषयी. गणेशोत्सवात येथे एका पंगतीला अधिकारी वाढतो आणि कारकून जेवतो. दुसऱ्या पंगतीला कारकून वाढतो. परप्रांतात पन्नास वर्षे आपण हा मोकळेपणा जपला. तो सोमवारी सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर उतरवून न ठेवता आत घेऊन जावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.