भीती वाटावी अशी चित्रं
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी मी भिंतीवर हे चित्र लावलं तेव्हा दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. एक जण म्हणाली, "ताई, हे भुतासारखं काय लावलंय?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही दचकले होते. म्हणून आज त्याच्याविषयीच बोलते.

जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झ हिने १९०३ साली हे केलं. मांडी घालून बसलेली नग्न बाई, मेलेलं मूल तिने छातीशी आवळून धरलंय. अश्रू कुठेच नाहीत. तोंड मुलाच्या अंगात खुपसलेलं, पिल्लू गमावलेल्या जनावरासारखं. दुःख आहे ते गुडघ्यांत, दंडांत, त्या मिठीत.

यासाठी ती स्वतःच आरशासमोर बसली, सात वर्षांच्या पेटरला, आपल्या मुलाला, हातांत घेऊन. १९१४ च्या ऑक्टोबरात हाच पेटर बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. वय अठरा. सैन्यात जायला वडिलांची परवानगी हवी होती आणि ते राजी नव्हते. त्यांचं मन आईनेच वळवलं होतं. पुढे १९२१-२२ मध्ये तिने युद्धावर सात काष्ठठसे केले. त्यातल्या एकात आया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. नुसता काळा गठ्ठा, त्यातून चेहरे आणि हात तेवढे बाहेर. या आया कुठल्याही विजयाचा जयजयकार करत नाहीत.

तिचा नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होता. दवाखान्यात येणाऱ्या बायका ती जवळून पाहायची. गर्भपातबंदीच्या कायद्याविरुद्ध तिने केलेल्या पोस्टरवर अशीच एक बाई आहे: पोट पुढे आलेलं, एक मूल कडेवर, एक हाताला, चेहरा पार ओढलेला. ही बाई बघणाऱ्याकडे दया मागत नाही.

आता आपल्याबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक सून जळून गेली. मोर्चासाठी पोस्टर मी काढलं. ज्वाळा, नाजूक चेहऱ्याची तरुणी, शेजारी ओक्साबोक्शी रडणारी आई. त्या मुलीच्या आईला दाखवलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "माझी पोर एवढी गोरीगोमटी नव्हती. आणि मी रडले कुठे? मला रडूच आलं नाही."

मला फार लाज वाटली. तिला न विचारताच मी तिचं दुःख काढलं होतं, सिनेमात पाहिलं होतं तसं. आपल्या पोस्टरांवर एक तर बिचारी बाई असते, नाही तर मूठ वळलेली. या दोन्हींच्या मधली, सुन्न झालेली, स्वतःवरच चिडलेली, झोप उडालेली बाई आपल्या केंद्रावर रोज येते. पोस्टरवर मात्र ती दिसत नाही.

१९३३ मध्ये नाझींनी कोलवित्झला कला अकादमीतून बाहेर काढलं. तरी १९४२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने एक शिळाछाप केला. एक म्हातारी तीन पोरांना आपल्या हातांखाली दडवून धरते, युद्धाला देत नाही. तिच्या डोळ्यांकडे बघा. तिथेही भीती वाटते, पण या वेळी ती आपल्याला तिची वाटते.

तेव्हा पुढचं पोस्टर काढण्याआधी त्या बाईजवळ बसू या. तिचे हात कसे आहेत, पाठ कशी वाकली आहे, ते पाहू या. काढलेलं आधी तिला दाखवू या, आणि ती नको म्हणाली तर फाडून टाकू या.