माइल्ड हायब्रिड इंजिन आणि आडवाटेची मोटार

ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील मोटारवाल्या कुटुंबाचा आठवडा दोन निराळ्या जगांत विभागलेला असतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शिळ रस्ता. दोन मोटारींमध्यें हातभर अंतर, घटकाभर थांबणें आणि चार पावलें सरकणें. रविवारीं मुरबाडच्या पलीकडील चिखलाची वाट, माळशेजच्या पायथ्याचे ओढे, अथवा शहापुराकडील चढउतार. अशा कुटुंबाला नवी मोटार घ्यावयाची असली म्हणजे विक्रेता दोन शब्द एकाच दमांत उच्चारतो : 'फोर-बाय-फोर' आणि 'माइल्ड हायब्रिड'. ते ऐकून ग्राहकाची अशी समजूत होते कीं, विजेची जोड मिळालेली मोटार चिखलांतही अधिक पराक्रमी ठरेल. ही समजूत कितपत खरी आहे, हें तपासून पाहणें जरूर आहे. कारण हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. त्यांत अनेक वर्षांची शिल्लक गुंतलेली असते, आणि पावसाळ्यांत घरच्या माणसांची सुरक्षितताही.

प्रथम या यंत्राची रचना पाहूं जातां ती फारशी अवघड नाहीं. प्रत्येक मोटारींत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारें विजेचें एक लहान जनित्र असतें. माइल्ड हायब्रिड मोटारींत हें जनित्र थोडें मोठें करून त्याला दुहेरी काम दिलेलें असतें. ब्रेक लावतांना किंवा उतारावर तें वीज निर्माण करून एका छोट्या बॅटरींत सांठवितें. गाडी निघतांना किंवा जोर लागतांना तीच वीज घेऊन तें उलट इंजिनाला हात देतें. केवळ विजेवर गाडी चालविणें मात्र त्याच्या आवांक्यांत नसतें. तें काम निराळ्या, मोठ्या आणि महाग हायब्रिड पद्धतीचें. दोहोंचें नांव जवळचें असल्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. माइल्ड हायब्रिड म्हणजे इंजिनाचा भागीदार नव्हे. हातांखालचा मदतनीस होय.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाहीं. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीपची जुळणी हातीं घेतली, आणि आडवाटेची मोटार या प्रांताच्या ओळखीची झाली. त्याच कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ गाडीला २०१६ सालीं 'इंटेली-हायब्रिड' नांवाची माइल्ड हायब्रिड योजना बसविण्यांत आली. इंधनांत सात टक्क्यांपर्यंत बचत होईल, असें कंपनीचें म्हणणें होतें. त्या काळीं अशा गाड्यांना केंद्र सरकारचें अनुदान मिळे. १ एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिड गाड्यांना त्या अनुदानांतून वगळण्यांत आलें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस जी नवी स्कॉर्पिओ आली तींत ही योजना राहिली नाहीं. पुढें २०२२ सालीं मारुति-सुझुकीच्या ग्रँड व्हिटारांत १२ व्होल्टची माइल्ड हायब्रिड योजना आणि चारही चाकांना गति देण्याची सोय एकत्र मिळूं लागली. जून २०२५ मध्यें टोयोटाच्या फॉर्च्यूनर गाडीची ४८ व्होल्टची आवृत्ति भारतांत आली. म्हणजे विक्रेत्याचे ते दोन शब्द आतां खरोखरच एका गाडींत नांदूं लागले आहेत.

आतां थोडें गणित. फॉर्च्यूनरचें सख्खें भावंड म्हणजे हायलक्स. तिच्या ४८ व्होल्टच्या आवृत्तींतील बॅटरी ४.३ ॲम्पिअर-तासांची, सुमारें साडेसात किलो वजनाची असून ती मागच्या आसनाखालीं बसविलेली असते. या दोन आंकड्यांचा गुणाकार केला म्हणजे सुमारें २०६ वॅट-तास येतात. अर्थात् घरच्या वीजबिलांतील एका युनिटाचा पांचवा हिस्सा. तेवढ्या विजेवर पाऊणशे वॅटचा छताचा पंखा पावणेतीन तास फिरेल. तिच्या मोटरचा जोर फार तर ६५ न्यूटन-मीटर. डिझेल इंजिनाचा ५००. मदतनीस कोण आणि मालक कोण, हें यावरून स्पष्ट व्हावें.

घाट उतरतांना पुष्कळ वीज सांठेल, असें कोणाला वाटेल. परंतु दोन टन वजनाची गाडी तीनशें मीटर खालीं उतरली म्हणजे तिच्या उंचींत दडलेली शक्ति सुमारें १.६ युनिट भरते. बॅटरींत मावते तिच्या आठपट. अर्ध्या घाटापूर्वींच भांडें भरतें, आणि उरलेली शक्ति पूर्वींप्रमाणेंच ब्रेकांत व इंजिनांत उष्णता होऊन जाते. म्हणून माळशेज किंवा कसारा घाट उतरतांना खालच्या गिअरचा जुना नियम हायब्रिड गाडीच्या चालकानेंही पाळलाच पाहिजे.

मग या योजनेचा लाभ कोठें? तो घोडबंदरच्या रांगेंत. तेथें गाडी क्षणोक्षणीं थांबते. थांबल्याबरोबर इंजिन बंद पडतें आणि पाय उचलतांच धक्का न देतां पुन्हां सुरू होतें. प्रत्येक ब्रेकाबरोबर बॅटरींत थोडी भर पडते आणि प्रत्येक आरंभीं ती खर्चीं पडते. लहान भांड्याला असा वारंवार भरण्या-उपसण्याचा उद्योगच मानवतो. यांतही एक उणेपण आहे. पुष्कळ गाड्यांत हवा थंड करणारें यंत्र इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतें. त्यामुळें ठाण्याच्या ऑक्टोबरी उकाड्यांत इंजिन फार वेळ बंद राहूं शकत नाहीं.

आडवाटेवर लाभ अगदींच नाहीं, असें मात्र नव्हे. डिझेल इंजिन मंद गतींत थोडें आळशी असतें. दगडावर चाक चढवितांना तो आळस जाणवतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं विजेची मोटर जोर लावते. हायलक्सच्या या आवृत्तींत रिकाम्या इंजिनाचे फेरे मिनिटाला ७२० वरून ६०० वर आणलेले आहेत. त्यामुळें निसरड्या वाटेवर गाडी अधिक सावकाश, अधिक ताब्यांत सरकते. चढावर बंद पडलेलें इंजिन चटकन् सुरू होणें, हाही लहान फायदा नव्हे.

परंतु चिखलांतून गाडी बाहेर काढणारी खरी वस्तु निराळीच असते. ती म्हणजे चाकांचा जोर अनेकपट वाढविणारा 'लो' गिअर, योग्य टायर, जमिनीपासून पुरेशी उंची आणि चालकाचा संयम. ग्रँड व्हिटारांत विजेची जोड आहे, पण लो गिअर नाहीं. उलट २०२३ सालीं भारतांत आलेल्या जिम्नींत विजेची जोड नाहीं, पण लो गिअर आहे. मुरबाडच्या चिखलांत या दोहोंपैकीं कोण पुढें जाईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. शिवाय लो गिअरमध्यें सरपटतांना इंजिन सतत राबत असतें. ब्रेक कमी, थांबा कमी, म्हणून वीज सांठण्याची संधीही कमी. त्या वाटेवर मदतनीस बव्हंशीं बसूनच असतो. आणि जुन्या जीपला गांवच्या मिस्त्रीचा हात चाले. ४८ व्होल्टच्या योजनेंत बिघाड झाला तर गाडी शहरांतील कारखान्यापर्यंत ओढून आणावी लागते.

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. ४८ व्होल्टच्या हायलक्समध्यें इंधनाची बचत सुमारें पांच टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धांव, लिटरला दहा किलोमीटर आणि लिटरचा दर नव्वद रुपये धरला, तर बचत पन्नास लिटरांची, म्हणजे साडेचार हजार रुपयांची होते. या जोडीसाठीं विक्रेता जितकी अधिक किंमत मागेल तिला साडेचार हजारांनीं भागावें. ती रक्कम किती वर्षांनीं फिटेल तें लगेच कळेल.

शेवटीं पाण्याविषयीं. हायलक्सच्या या आवृत्तीची पाण्यांतून जाण्याची मर्यादा पूर्वींइतकीच, ७०० मिलिमीटर ठेवलेली आहे; विजेचे भाग पाण्यापासून सुरक्षित केलेले असतात. तथापि ही मर्यादा संथ पाण्याची. ठाणें जिल्ह्यांतील नद्या संथ नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकवून ठेविली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. जेथें आगगाडी थांबली, तेथें मोटारीची काय कथा ! दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतें. तेथें चारही चाकें निरुपयोगी आणि बॅटरीही निरुपयोगी. संथ, उथळ ओढा ओलांडावयाचा झाल्यास इंजिन आपोआप बंद करणारी सोय आधीं बटन दाबून बंद करावी, कारण पाण्याच्या मध्यावर इंजिन थांबणें हाच मोठा धोका.

सारांश असा कीं, माइल्ड हायब्रिड ही शहराची सोय आहे; आडवाटेवर ती सुखाची असली तरी सामर्थ्याची नाहीं. ज्या कुटुंबाचे सहा दिवस रांगेंत जातात आणि सातवा दिवस चांगल्या डांबरी घाटांत, त्यानें ती अवश्य घ्यावी. लो गिअरवांचून त्याचें अडणार नाहीं. ज्याचें शेत, घर किंवा काम खरोखरच मुरबाड-शहापुराच्या कच्च्या वाटेवर आहे, त्यानें प्रथम लो गिअर आणि टायर पाहावे, विजेची गोष्ट मागून. आणि नदीला पूर आलेला दिसतांच दोघांनींही अलीकडेच थांबावें. तेवढें शहाणपण कोणत्याही इंजिनाबरोबर मिळत नाहीं. तें चालकानें घरूनच आणावयाचें असतें.