दाराशीं आलेली पिशवी

सायंकाळचे सात वाजले आहेत. कुकर चढविल्यावर घरांत कोथिंबीर नाहीं हें ध्यानांत येतें. फोनच्या पडद्यावर बोट फिरतें, आणि आमटी उकळते न उकळते तोंच दारावरची घंटा वाजते. पिशवीकडे सर्वांचें लक्ष जातें. ती देऊन जिना उतरणाऱ्या तरुणाच्या पदरांत काय पडतें, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी करतो.

पूर्वीच्या वाण्याचा पोऱ्या महिन्याच्या पगारावर राबत असे. पगार तुटपुंजा, पण ठरलेला. या तरुणाला कंपनी नोकर म्हणत नाहीं, भागीदार म्हणते. भागीदारी मोठी चमत्कारिक! नफ्यांत वांटा नाहीं. गाडी, पेट्रोल आणि फोन मात्र बहुधा त्याचेच.

त्याची मिळकत खेपेवर. अंतर, वेळ आणि मागणी यांप्रमाणें खेपेचा दर बदलतो. नेमून दिलेल्या खेपा पुऱ्या झाल्यास वर बक्षिसी. वीस खेपांची अट असतां एकोणिसावर मागणी आटली, तर ती बहुधा बुडालीच. ज्या कोठारांतून माल निघतो, पण जेथें गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो, त्यास या धंद्यांत 'डार्क स्टोअर' म्हणतात. त्याच्या दाराशीं ताटकळण्याचे पैसे सहसा मिळत नाहींत.

नमुन्यादाखल आंकडे घेतले तर असें दिसेल : दहा तासांत २५ खेपा, खेपेमागें ३० रुपये, म्हणजे ७५०. धांव ७० किलोमीटर. लिटरला ४० किलोमीटर जाणारी गाडी पावणेदोन लिटर पेट्रोल पिते. मुंबईंत पेट्रोलनें मे २०२१ मध्येंच शंभरी ओलांडली; तेव्हां सुमारें १८० रुपये तेथेंच गेले. टायर, तेल, दुरुस्ती आणि फोन यांसाठीं रोज ९० बाजूला काढल्यास उरले ४८०, तासाला ४८. गाडीचा हप्ता यांत अजून धरलेलाच नाहीं. आजारपणाचा दिवस तर कोरडाच.

२०२० सालीं संमत झालेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंमलांत आली. कंपन्यांनीं वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम अशा कामगारांच्या सुरक्षेसाठीं द्यावी, मात्र ती त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊं नये, असें तींत आहे. विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांचा विचार तींत झाला. खेपेचा दर किती असावा, याविषयीं ती मुकी आहे.

आणि हा दर चढतो केव्हां? जुलैची झड लागली, रस्ते तुंबले, लोक घराबाहेर पडेनासे झाले, म्हणजे. सावध माणूस अशा दिवशीं घरीं बसेल. पण आठवड्याची तूट भरून निघण्याची आशा त्याच संध्याकाळीं असते, म्हणून तो रेनकोट चढवितो आणि गाडी बाहेर काढतो.