काशीहून परत येताना



काशीला जाऊन आलेला माणूस काशीची हकीकत सांगतो. आम्हीही जाऊन आलो. पण विश्वेश्वराचे देऊळ कसे आहे, गंगेचे पात्र केवढे आहे, हे तुम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले असेल. आज आम्ही परतीच्या वाटेची हकीकत सांगणार आहोत. आणि सांगणार आहोत एका चाळीस पानी वहीची गोष्ट. ती वही आमची नव्हे. आपल्याच साक्षरता वर्गातल्या एका आक्कांची आहे. त्यांना विचारूनच सांगतो आहोत.

२०२३ सालचा मार्गशीर्ष महिना होता. गहू पेरून झाले होते. उन्हाळ कांद्याची लागण व्हायची होती. मध्ये पंधरा दिवस मोकळे होते. गावातली सोळा माणसे प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करायला निघाली. नऊ बाया, सात पुरुष. सामान उचलायला बरोबर एक वीस वर्षांचा मुलगा घेतला. एका सालकऱ्याचा मुलगा. त्याचा खर्च सर्वांनी मिळून करायचा ठरले.

रेल्वेची तिकिटे ज्याची त्याने काढली. राहणे, जेवण, नाव, रिक्षा यांसाठी माणशी तीन हजार रुपये वर्गणी जमा केली. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस हजार रुपये एका कापडी पिशवीत घातले. पिशवी आमच्या हवाली केली. का, तर आम्ही गुरुजी. हिशेब गुरुजींनीच ठेवायचा.

आमच्याजवळ पुठ्ठ्याची जाड डायरी होती. आम्ही रोज दोन-दोन पाने लिहीत होतो. छत्तीस वर्षे मुलांना निबंध शिकवले, तेव्हा हात सहज चालतो. आम्ही लिहिले, 'काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे. विश्वेश्वराचे सध्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविले. गयेचे विष्णुपद मंदिरही त्यांनीच १७८७ साली बांधविले.' सारे खरे आहे. पण हे लिहायला काशीला जावे लागत नाही. ते पुस्तकात मिळते.

आक्का रात्री सगळे निजले की वही काढत. पाच-सहा ओळी लिहीत. एकेका अक्षराला वेळ लागे. दिव्याखाली ओणव्या बसत. आम्ही एकदा विचारले, "आक्का, रोज काय लिहिता?"

त्या म्हणाल्या, "घरी त्यांना सांगाया. माझ्या ध्यानात राहत नाही."

त्यांच्या यजमानांचे डावे अंग अर्धांगवायूने गेले आहे. चार वर्षे ते खाटेवर आहेत. काशीला जायचे म्हणून दोघांनी मिळून पैसे साठवले होते. एकालाच जायला मिळाले.

प्रयागच्या दिवशी आक्कांनी काय लिहिले ते पाहा. अक्षरे जशी आहेत तशीच सांगतो. 'परयाग. नावेत बसलो. नाववाला २०० म्हनला. १०० दीले. पक्षी लइ. पांढरे. मानसाच्या हातचं खात्यात.' थंडीत संगमावर परदेशी पांढरे पक्षी येतात. यात्रेकरू त्यांना शेव टाकतात. आम्हीही ते पाहिले होते. आमच्या डायरीत पक्षी नाहीत.

प्रयागलाच आणखी एक गोष्ट घडली. तिथल्या तीर्थोपाध्यायांना प्रयागवाळ म्हणतात. नदीकाठी त्यांचे झेंडे लागलेले असतात. प्रत्येकाच्या झेंड्यावरची खूण वेगळी. त्यांच्याजवळ जुन्या लांबट वह्या असतात. कोणत्या गावचा कोण कधी आला, त्याचा बाप कोण, मुले कोण, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते. आमच्या गावाचे पान निघाले. त्यात आक्कांचे सासरे होते! १९६८ साली आलेले. नाव, गाव, भावांची नावे, आणि खाली अंगठ्याचा शाईचा ठसा. आक्का बराच वेळ त्या ठशाकडे पाहत राहिल्या. उपाध्यांनी शाईचा डबा पुढे केला. आक्का म्हणाल्या, "अंगठा नको. पेन द्या." आणि सासऱ्यांच्या ठशाखाली त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. नवऱ्याचेही लिहिले.

असो. आता परतीच्या वाटेकडे वळतो.

गयेहून काशीला येताना मोगलसराईला गाडी बदलायची होती. आमच्यातले दोन म्हातारे दुसऱ्या डब्यात होते. त्यांना सांगितले होते, "मोगलसराईची पाटी दिसली की उतरा." ते पाटीकडे डोळे लावून बसले. पण २०१८ पासून त्या स्टेशनाला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव आहे. मोगलसराईची पाटी येणार कुठून? गाडी सुटायची वेळ झाली. तेव्हा तो सामान उचलणारा मुलगा धावत गेला. दोघांना हाताला धरून त्याने खाली उतरवले. नाहीतर आमचे दोन यात्रेकरू कुठे गेले असते कोण जाणे. चूक आमची होती. नवे नाव आम्हांला ठाऊक होते, पण तोंडात जुनेच बसलेले.

काशीहून घरची गाडी धरली. तिकिटाची चौकशी करायला आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो, तेव्हा पैशाची पिशवी अर्धा तास त्या मुलाजवळ दिली होती. हे लक्षात ठेवा.

गाडी निघाली. प्रयाग मागे पडले. सतना गेले. डब्यात दिवे लागले. कोणी दशम्या सोडल्या. कोणी गंगाजलाचे गडू मोजत होते. आम्ही म्हटले, चला, हिशेब करून टाकू. उरलेले पैसे वाटून देऊ. गावात शिरताना कोणाचे देणे-घेणे नको.

आमच्या डायरीप्रमाणे खर्च एकेचाळीस हजार तीनशे पन्नास. म्हणजे सहा हजार सहाशे पन्नास उरायला हवे. पिशवीतले पैसे मोजले. पाच हजार दोनशे पन्नास भरले. पुन्हा मोजले. तेवढेच. चौदाशे रुपये कमी.

सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "पिशवी अजून कोणाच्या हातात गेली होती का?"

कोणी नाव घेतले नाही. पण सोळा माणसांचे डोळे एकाच जागी गेले. तो मुलगा खिडकीपाशी बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले. त्याला वाटले, गुरुजी बोलतील. बंधूंनो, सांगायला लाज वाटते, पण आम्ही बोललो नाही. आमच्याही मनात तोच विचार आला होता. ज्याने आदल्याच दिवशी आमची दोन माणसे वाचवली, त्याच्याविषयी आला होता! गरिबाच्या पोरावर संशय किती लवकर जातो पाहा. आणि गावात असा डाग एकदा लागला की कामावर घेताना, कोठाराची किल्ली देताना, सोयरीक जुळवताना, जन्मभर तो पुढे येतो.

तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांबा गुरुजी. माझ्या वहीत काही लिहेल हाये का पाहते."

त्यांनी वही काढली. बोट ठेवून पान-पान पाहू लागल्या. आम्हांला वाटले, या आपल्या पक्ष्यांची वही पाहणार. गयेच्या पानावर बोट थांबले. त्यांनी अक्षर जुळवत मोठ्याने वाचले, 'गया. थंडी लइ. मथारीला ताप भरला. रात्री गुर्जीनी डाकटर आनला. पिशवीतून १४०० दीले. विंजेक्शन. औशद लाल. गुर्जी जेवले नाही.'

आमचे तोंड पाहण्यासारखे झाले.

सारे आठवले. धर्मशाळेत आमच्यातल्या एका आजींना ताप भरला होता. रात्री अकराला डॉक्टरांना आणले. त्यांचे पैसे आणि औषधांचे पैसे आम्हीच आमच्या हाताने दिले. डायरी वर खोलीत होती. म्हटले, सकाळी लिहू. सकाळी पिंडदानाला गेलो. त्या दिवशीचे पान आम्ही नंतर उघडून पाहिले. फल्गू नदीत वरून वाळू दिसते आणि खाली उकरले की पाणी लागते, यावर आम्ही दहा ओळी लिहिल्या होत्या. चौदाशे रुपयांची एकही ओळ नव्हती.

आम्ही उठलो. मुलाच्या बाकापाशी गेलो. सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "बाळ, पैसे आम्हीच खर्च केले आणि लिहायला विसरलो. चूक आमची. तुझ्यावर मनात संशय आणला, तीही आमचीच चूक."

तो म्हणाला, "असू द्या, गुरुजी." एवढेच. मग आक्कांकडे वळून म्हणाला, "आक्का, हेपण लिव्हा. पैशाचा मेळ बसला म्हणून."

आक्कांनी तिथल्या तिथे लिहिले. गाडी हलत होती. अक्षरे वाकडी आली आहेत, पण वाचता येतात. तरीही मनमाड येईपर्यंत तो मुलगा आमच्याशी मोकळेपणाने बोलला नाही. त्याचे बरोबर होते.

आता तुम्हांला वाटेल, वही ठेवायची म्हणजे फार शिकलेले पाहिजे. तसे काही नाही. चाळीस पानांची वही घ्या. तिला दोरीने पेन बांधा, नाहीतर पेन पहिल्याच मुक्कामाला हरवते. पहिल्या पानावर आपले नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि घरच्या दोघांचे मोबाइल नंबर लिहा. नंबर मोबाइलमध्येच असतात, आणि मोबाइल हरवला की माणूस मुका होतो. उतरायच्या स्टेशनाचे नाव पाटीवर आहे तसे लिहा. पैसे दिले की लगेच लिहा. सकाळवर टाकू नका. आमच्यासारखे होईल. बाकी तुम्हांला जे दिसले, जे वाटले, ते लिहा. र्‍हस्व-दीर्घाची काळजी करू नका. आम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल शाईने र्‍हस्व-दीर्घ सुधारले. पण आक्कांच्या त्या 'औशद' शब्दाला लाल शाई लावायची आमची छाती नाही.

कोणी म्हणतात, "आता मोबाइलवर फोटो निघतात. लिहायचे कशाला?" आमच्या मंडळींनीही शेकड्यांनी फोटो काढले. जरूर काढावेत. पण गयेच्या रात्रीचा फोटो कोणी काढला नव्हता. तापाने फणफणलेल्या म्हातारीचा फोटो कोण काढतो?

लिहिण्याची एक जुनी गोष्ट सांगतो. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले. घरावर कर्ज होते. दक्षिणा मिळवून ते फेडावे, हा हेतू. तिकडे बंडाची धामधूम झाली. झाशीच्या वेढ्यात ते सापडले. वाटेत लुटले गेले. शेवटी हाती पैसा राहिला नाही, पण गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले. ती सारी हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहून काढली. १९०७ साली ती 'माझा प्रवास' या नावाने छापून निघाली. झाशीच्या राणीला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे लिखाण म्हणून आज विद्वान लोक ते वाचतात. त्यांची आठवण दांडगी होती. आमची चार दिवस टिकली नाही.

मनमाडहून एस.टी.ने गावी आलो. वेशीबाहेरच्या मारुतीपाशी लोक वाट पाहत होते. ताशा होता. लहानथोर आमच्या पाया पडले. काशीहून आलेल्याच्या पाया पडायचीच रीत आहे. त्या मुलाच्याही पाया पडले. त्याला संकोच वाटला. तो मागे सरू लागला, तेव्हा आक्कांनी त्याला दंडाला धरून पुढे उभे केले.

पुढच्या आठवड्यात सर्वांनी मिळून एकच मावंदे घातले. गंगेची पूजा झाली. जेवणाआधी आम्ही साऱ्या पंगतीपुढे हिशेब वाचला. चौदाशे रुपयांची ओळ आमच्या डायरीतून वाचली नाही. आक्कांना उभे केले. त्यांनी आपल्या वहीतून वाचली. मुलाने गाडीत लिहायला लावलेली ओळही वाचली. मुलाचा बाप पंगतीच्या टोकाला बसला होता. त्याला गाडीतले काही ठाऊक नव्हते. मुलाने घरी सांगितलेच नव्हते.

आक्का घरी गेल्या त्या रात्रीपासून यजमानांना वही वाचून दाखवू लागल्या. रोज एक मुक्काम. एकदम सगळे वाचायचे नाही, असे त्यांनीच ठरवले. जितके दिवस यात्रेला लागले, तितके दिवस वाचायला लावायचे. आम्ही एका संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा प्रयाग चालू होते. यजमानांना बोलायला त्रास होतो. पण ते मध्येच हात वर करून थांबवत होते. पक्षी केवढे होते, त्यांनी विचारले. आक्कांनी हाताने दाखवले. मग प्रयागवाळांच्या वहीचे पान आले. बापाच्या अंगठ्याखाली आपले नाव लिहिले आहे, हे ऐकून ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तू लिवलं?"

आक्का म्हणाल्या, "मीच."

त्यांनी उजव्या हाताने वही जवळ ओढली आणि ती ओळ कोठे आहे ते दाखवायला सांगितले.