सांडपाण्याचा भाव आणि धरणाचे पाणी

(पिंपरी येथील कार्यकर्ता-शिबिरातील भाषणाचा मुख्य भाग)



सांडपाण्याच्या पुनर्वापराचा प्रश्न अभियंत्यांच्या हवाली करून मोकळे व्हावे, अशी प्रवृत्ती आपल्या चळवळीतही दिसते. मला ती मान्य नाही. यंत्राचा प्रश्न बराचसा सुटला आहे; उरला आहे तो वाटपाचा.

तेलशुद्धीकरण कारखान्याचे उदाहरण घ्या. आपल्या पट्ट्यात तसा कारखाना नाही. पण पाण्याची इतकी भूक थोड्याच उद्योगांना असते. तेथील बरेचसे पाणी तेलाला शिवतही नाही. तप्त यंत्रे थंड करताना ते मनोऱ्यांतून वाफ होऊन जाते. उडून जाणारे हे पाणी धरणाचेच असावे, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? मद्रासजवळ मणली येथील सार्वजनिक क्षेत्रातील तेलशुद्धीकरण कारखान्याने १९९० च्या दशकाच्या आरंभीच शहराचे मैलापाणी शुद्ध करून वापरावयास घेतले. मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या आवारात महापालिकेचे सांडपाणी शुद्ध होते आणि त्यातील काही माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यास मिळते. नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाते.

अर्थात त्यातील अमोनिया, फॉस्फेट व क्षार काढावे लागतात. नाहीतर नळ्यांत शेवाळ धरते, थर साचतात, धातू खातो. याला खर्च येतो, आणि कारखानदार लगेच म्हणतो की धरणाचे पाणी स्वस्त पडते. ते स्वस्त का पडते? धरण सरकारी पैशाने झाले, जमीन शेतकऱ्याची बुडाली, आणि त्या बुडालेल्या जमिनीचा हिशेब पाणीपट्टीत कोणी धरलाच नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला किंमत म्हणतात. मी याला अनुदान म्हणतो, आणि ते विस्थापिताने उद्योगाला दिलेले आहे.

२००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला बसवले आणि शेतीला त्याच्याही मागे ढकलले. २०११ मध्ये तो क्रम बदलावा लागला. त्याच वर्षी ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे येणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. योजना वर्षानुवर्षे रखडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच शहरात एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. शहरी कामगार आणि मावळातील शेतकरी असे एकाच नदीवर समोरासमोर उभे केले गेले. इकडे शहराचे सांडपाणी पवना-इंद्रायणीत मिसळते, आणि आळंदीत वारकऱ्यांना फेसाळलेल्या पाण्यात उतरावे लागते.

म्हणून पुनर्वापराचे नुसते स्वागत करून भागणार नाही. कारखान्यांनी सांडपाणी घेतले की धरणातील तेवढे पाणी सुटेल. ते कोणाचे, हे आधी कागदावर ठरले नाही तर नव्या इमारतींचे बांधकामदार ते कधी पिऊन टाकतील, हे कळणारही नाही. चाकणच्या कारखान्यांना शीतकरणासाठी शुद्ध केलेले सांडपाणी सक्तीचे करावे, आणि वाचलेल्या पाण्यावर मावळ व खेड तालुक्यांतील धरणग्रस्तांचा आणि लाभक्षेत्राचा पहिला हक्क करारात लिहून घ्यावा, अशी मागणी आपण महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि जलसंपदा विभाग या तिघांकडेही एकाच वेळी केली पाहिजे. एकाकडे केली, तर तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवील.