फुलपात्र, बाटली आणि तहानलेले मूल

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या अभ्यासक्रमात पाणी हा विषय नदीजोड, भूजल आणि आंतरराज्य लवाद यांच्या निमित्ताने येतो, तर बालक हा विषय कुपोषण व बालमृत्यू दर यांच्या निमित्ताने. हे दोन्ही विषय जेथे एकत्र येतात ती जागा फार लहान आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हातातील फुलपात्राविषयी मी आज बोलणार आहे.

या वयाच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक असते आणि शरीरातील पाण्याची उलाढालही वेगाने होते. त्यात भर अशी की, तहान लागली हे त्याला नीट सांगता येत नाही. ते किरकिर करते आणि आपण त्याच्या हाती बिस्कीट देतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला अन्न, दूध व पाणी मिळून दिवसाला सुमारे १.३ लिटर पाणी लागते, असा अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अंदाज आहे. विदर्भातील किंवा राजस्थानातील मे महिन्यात तो अपुरा पडेल, हे उघड आहे. म्हणून मी मातांना लिटरचा हिशेब सांगत नाही. लघवीचा रंग फिकट आहे काय, सहा-आठ तास लघवी झालीच नाही असे तर नाही ना, ओठ व जीभ कोरडी आहे काय, एवढेच पाहण्यास सांगतो.

आता काय द्यावे? पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. त्या काळात उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. त्यानंतर पूरक आहारासोबत उकळून थंड केलेले पाणी, आणि वर्षानंतर साधे दूधही. या बाबतीत आपला देश मुळीच दरिद्री नाही. केरळात जिरे घालून उकळलेले पाणी घरोघरी पितात, बंगाल-ओडिशात डाबाचे पाणी आहे, गुजरातेत छास आहे, आपल्याकडे पातळ ताक व भाताची पेज आहे. साखर न घालता आणि मीठ बेताचे ठेवून ही पेये मुलास चालतात. दोन वर्षांखालील मुलांना फळांचे रस, अगदी घरी काढलेलेही, देऊ नयेत असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ मध्ये सुचविले. फळ कुस्करून खाऊ घालावे. चहाविषयी मात्र मला कठोर बोलावे लागते. बशीत ओतून फुंकर घालून दिलेला चहा हे आपल्याकडे लाडाचे लक्षण मानले जाते. परंतु त्यातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते, आणि रक्तक्षय ही तर आपली जुनी राष्ट्रीय समस्या आहे.

पेयाइतकेच भांडेही महत्त्वाचे, आणि येथे कायदा येतो. अर्भकांसाठीचे दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक आहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये दुरुस्तीने अधिक कडक करण्यात आला. त्यान्वये बाटलीच्या जाहिरातीस बंदी आहे. परीक्षेत वर्ष विचारतील. कारण क्वचितच विचारतील. ते कारण बाटलीच्या बुचात आहे. रबराच्या छिद्रात व मानेच्या खाचेत दुधाचा अंश राहतो, तेथे जंतू वाढतात, आणि जेथे इंधन व पाणी दोन्ही मोजून वापरावे लागते तेथे बाटली दिवसातून अनेकदा कोण उकळणार? तोटी असलेल्या प्लास्टिकच्या शहरी पेल्यालाही अशाच खाचा असतात. याउलट स्टीलचे फुलपात्र आतून बोट फिरवून घासता येते. आपले बोंडले, तमिळनाडूतील पालाडै, बंगालमधील झिनुक ही सारी उघड्या तोंडाचीच साधने. मूल सांडेल, अंग भिजवेल, सांडू द्यावे. पेला अर्धाच भरावा, म्हणजे सांडणेही अर्धेच.

अतिसार झाला की हाच पेला औषधाचे साधन बनतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपात भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी ते पेल्यांनी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषला जातो आणि त्यामागून पाणी जाते, एवढेच त्यातील शास्त्र. म्हणूनच प्रमाण बिघडून चालत नाही. एक लिटरची पुडी एका पेल्यात थोडी-थोडी टाकणे ही नेहमीची चूक आहे. पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्ये विरघळवावी व ते पाणी २४ तासांत संपवावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. सोबत जस्ताची गोळी १४ दिवस. मूल पेंगू लागले, डोळे खोल गेले किंवा ते पिईनासे झाले तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

दुर्दैवाने याच जलसंजीवनीच्या नावावर गोड पेये वर्षानुवर्षे विकली गेली. साखर अधिक असली की पाणी उलट आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. इतक्या साध्या गोष्टीस इतका विलंब का लागला, हा प्रश्न निबंधासाठी उत्तम आहे. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदापासून आरंभ करावा.

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, तेव्हा सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांतच नळ होता. पुढे २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा व अंगणवाड्यांत नळ पोहोचविण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. आपल्यापैकी काही जण उद्या गटविकास अधिकारी किंवा बालविकास प्रकल्प अधिकारी होतील. अंगणवाडीच्या तपासणीस गेल्यावर नळाची नोंद वहीत पाहालच. त्यानंतर पाण्याचा माठ किती उंचीवर ठेवला आहे, ओगराळे आहे की सगळे जण पेलाच बुडवितात, आणि सर्वांत लहान मुलाच्या हाताला येईल असा पेला तेथे आहे काय, हे खाली बसून पाहा.